दोन गाईंच्या रुंदीची वाट

आम्ही घर सोडले त्या सकाळी भाड्याची गाडी दारापर्यंत येऊ शकली नाही, कारण समोरच्या घरमालकाने सरकारी रस्त्याच्या हद्दीत दीड फूट ओटा बांधला आहे. त्या ओट्याविरुद्ध मी ग्रामपंचायतीकडे सात लेखी तक्रारी केल्या होत्या. आठवी निघण्याच्या आदल्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवली. तिची पोचपावती आता कोणत्या पत्त्यावर यावी, असे पोस्टातल्या मुलीने विचारले, तेव्हा आपण खरोखरच गाव सोडतो आहोत हे मला प्रथम जाणवले. धाकटा भाऊ वसंत याने आमच्या बॅगा उचलून चाळीस पावले लांब उभ्या असलेल्या गाडीत नेऊन ठेवल्या. "दादा, इकडची काळजी सोड, मी आहे," असे तो म्हणाला. माझी पत्नी सुमती पंचवीस वर्षे अंगणवाडी सेविका होती. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या साऱ्या वाड्यावस्त्या तिने पायी तुडवल्या आहेत. गाडीत बसण्यापूर्वी तिने एकच प्रश्न विचारला.

"अवो, तितं पायी कुटं जाता येतंय का?"

"येते," मी म्हणालो. "लेखी पाहिजे असेल तर लेखी देतो."

"लेखी नगं. तुमचं लेखी लई असतंय."

मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे नोकरी केली. लोकांच्या हद्दी मोजल्या, नकाशे केले, हरकती ऐकल्या. हे सारे सांगण्याचे कारण, पुढे जे घडले त्यात अज्ञानाची सबब मला उपलब्ध नाही. हा मजकूर मी गावाकडच्या मंडळींसाठी लिहीत आहे आणि डब्लिनच्या आसपास येऊन राहिलेल्या आपल्या लोकांसाठीही. माझा राग दोघांवरही आहे. त्याची वाटणी कशी करायची, ते वाचकांनी ठरवावे.

आमचा मुलगा अभिजित आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या कडेला ल्यूकनला राहतो. मायक्रोचिप तयार करणाऱ्या कारखान्यात तो प्रोसेस इंजिनिअर आहे आणि त्याच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या असतात. सून मृणाल आठवड्यातून तीन दिवस गाडीने चेरीवूडच्या ऑफिसात जाते, उरलेले दोन दिवस वरच्या खोलीत हेडफोन लावून बसते. नात सई अकरा वर्षांची आहे. घर स्वच्छ, उबदार आणि नीटनेटके आहे. त्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. परंतु गावात दार उघडले की माणूस दिसायचा, येथे दार उघडले की एकसारख्या घरांसमोर एकसारख्या गाड्या उभ्या दिसतात. पहिल्या हिवाळ्यात सुमतीने स्वयंपाकघरातली सगळी कपाटे, ज्यांना येथे प्रेस म्हणतात, एका आठवड्यात तीनदा लावली. डाळीचे डबे वर, मग खाली, मग पुन्हा वर. मला कळायचे ते कळले.

मार्चमध्ये तिला वाट सापडली. आमच्या रांगेच्या टोकाला, शेवटच्या घराच्या परसाला लागून, काटेरी झुडपांच्या दोन जुन्या कुंपणांमधून एक वाट जाते. दोनशे दहा पावलांची आहे. मी मोजली आहे. पलीकडे बसथांबा, एक दुकान आणि चर्चचा हॉल. मुख्य रस्त्याने गेल्यास हेच अंतर चाळीस मिनिटांचे होते आणि मध्ये एका टप्प्यावर फुटपाथच नाही, बाजूने ट्रक जातात. सुमतीचा उजवा गुडघा बदललेला आहे. सबब मुख्य रस्ता तिच्यासाठी नाहीच, असे धरावे.

हॉलच्या खिडकीतून तिला लोकरीचे गुंडे दिसले आणि ती सरळ आत गेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे आठ-दहा वयस्कर बायका विणायला बसतात. सुमतीला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. हिने त्यांना क्रोशाची जाळी शिकवली, त्यांनी हिला "ग्रँड" हा शब्द दिला. चहा कसा झाला, तर ग्रँड. गुडघा कसा आहे, तर ग्रँड. ब्रायडी नावाची एक उंच, पांढऱ्या केसांची बाई तिला परतताना वाटेच्या तोंडापर्यंत सोडायला येऊ लागली. सुमतीने प्रेस लावणे थांबवले. तिचे या देशातले आयुष्य त्या दोनशे दहा पावलांच्या पलीकडे होते, आणि ते तिने स्वतः मिळवले होते. मी किंवा मुलाने दिलेले नव्हते.

त्याच सुमारास सईने मला एक शब्द आणून दिला. सईला शाळेत आयरिश सक्तीची आहे. ती माझे मराठी समजून घेऊन इंग्रजीत बोलते, मी तिचे इंग्रजी समजून घेऊन मराठीत बोलतो. या तहावर आमचे बरे चालले आहे.

"आजोबा, डू यू नो व्हॉट बोहर इज?"

"तुझ्या वहीत काय लिहिले आहे?"

"रोड. बट मिस सेज इट्स अ काउ थिंग."

रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजी नावाच्या वर तिरप्या अक्षरांत जे आयरिश नाव असते, त्यात हा शब्द मी आल्यापासून पाहत होतो. त्या दिवसापर्यंत तो माझ्यासाठी नुसती नक्षी होता. मी सार्वजनिक वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी जुन्या आयरिशचा मोठा कोश कसा पाहायचा ते दाखवले, आणि पुढचे दोन महिने मी त्यातून उठलो नाही.

आयरिशमध्ये "बो" म्हणजे गाय. "बोहर" म्हणजे मुळात गाईंची वाट. शब्दाच्या दुसऱ्या भागाविषयी विद्वानांत एकमत नाही, पहिल्याविषयी कोणाला शंका नाही. हजारो वर्षांपूर्वी ज्या भाषेतून त्यांची आणि आपली भाषा निघाली, तिच्यात या जनावराच्या नावाची सुरुवात ओठांचा चंबू करून काढलेल्या "ग"ने होत असे. पूर्वेकडे निघालेल्यांनी त्यातला "ग" जपला: संस्कृतात गो, आणि आपल्याकडे गाय, गुरे, गोठा, गवळी, गायरान. पश्चिमेकडे निघालेल्या केल्टिक लोकांच्या तोंडी ओठांचा भाग उरला आणि "ब" झाला. इंग्रजांनी त्याच शब्दाचा "काऊ" केला. एकाच दावणीची ही जनावरे आहेत. कोणे एके काळी कोणीतरी घर सोडले, कोणी इकडे गेले, कोणी तिकडे, आणि बरोबर नेण्यासारखी जी वस्तू होती तिचे नाव दोघांनीही सोडले नाही.

एवढ्यावर मी सुखी झालो असतो. पण मोजणीदाराला खरा आनंद मापात असतो. हजारएक वर्षांपूर्वीच्या आयरिश शब्दटीपांत वाटांचे प्रकार दिले आहेत आणि बोहर केवढी असावी तेही सांगितले आहे: एक गाय लांबीत उभी, दुसरी आडवी, आणि त्यांची वासरे मावतील एवढी. ज्याची जमीन वाटेला लागते त्याने ती साफ ठेवायची, असाही दंडक आहे. आपल्याकडच्या जुन्या दानपत्रांत जमीन "गोचर्म" या मापाने दिलेली आढळते, आणि किती गाई जिथे मोकळ्या उभ्या राहतील तेवढी ती, अशी त्याची एक व्याख्या आहे. म्हणजे दोन्ही टोकांच्या माणसांनी जमीन आणि वाट मोजायला गाय उभी केली. आमचे वडील, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, बांध घालताना म्हणायचे, "आधी गुरं कुठनं जातील ते बघ, मग नांगर धर." त्यांनी तो जुना दंडक वाचलेला नव्हता. त्यांना वाचायची गरज नव्हती.

आमच्यापासून दोन घरे सोडून मार्टिन राहतो. वय ऐंशी. तो रॉसकॉमनच्या शेतकऱ्याचा मुलगा, सतराव्या वर्षी गवंडीकामासाठी डब्लिनला आला आणि डब्लिन त्याला अजून परकेच वाटते. त्याला मी शब्दाची हकीकत सांगितली तेव्हा तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "मग तुझी बायको रोज जाते ती काय आहे असे तुला वाटते?" ती वाट म्हणजे जुनी "बोरीन", म्हणजे छोटी बोहर. या वसाहतीच्या जागी शेत होते, गाई त्या वाटेने धारेला जायच्या. वसाहतीच्या भिंती मार्टिनने स्वतः बांधल्या आणि बांधताना मुकादमाने सांगितले होते की या वाटेला हात लावायचा नाही, ती लोकांची आहे.

यानंतरच्या जानेवारीत निखिल तिळगूळ घेऊन आला.

निखिल कोथरूडचा. सॉफ्टवेअरमध्ये आहे, वसाहतीच्या रहिवासी समितीचा सचिव आहे, आणि वाटेला लागून असलेले शेवटचे घर त्याचे आहे. संक्रांतीचा दिवस. सुमतीने त्याला बाजरीची भाकरी आणि लोणी वाढले. हात धुतल्यावर त्याने पिशवीतून एक कागद काढला.

"काका, एस्टेटच्या सेफ्टीसाठी आहे. तुमची आणि काकूंची सही हवी होती."

मी सही केली. सुमतीला म्हणालो, "कर, आपलाच मुलगा आहे," आणि तिने देवनागरीत "सौ. सुमती" असे लिहिले.

चौतीस वर्षे मी कनिष्ठांना बजावत आलो की मी न वाचता कधी सही केली नाही. ते खोटे आहे. मी आयुष्यात दोनदा न वाचता सही केली आणि दोन्ही वेळा समोर आपला माणूस होता. दुसरी ही. पहिलीविषयी पुढे लिहितो.

मार्चच्या एका मंगळवारी सुमती हॉलमधून परतली ती कुतूहलाने. "वाटंवर कागद लावलाय. कुनाचा सत्कार हाय का काय?" मी चष्मा घेऊन गेलो. वाटेच्या तोंडाशी खांबाला काउन्सिलची नोटीस बांधलेली होती. सदर वाटेवरील सार्वजनिक वहिवाटीचा हक्क नष्ट करण्याचा प्रस्ताव असून, कोणाची हरकत असल्यास ती मुदतीत लेखी द्यावी. दुसऱ्या दिवशी मी काउन्सिलच्या कचेरीत जाऊन फाईल पाहिली. प्रस्तावाला पाठिंबा देणाऱ्या रहिवाशांची यादी जोडलेली होती. एकोणिसावी सही माझी. विसावी "सौ. सुमती". बाकी सगळ्या इंग्रजी सह्यांमध्ये ती एकटी देवनागरी सही मला दुरूनच दिसली. स्वतःची वाट बंद करण्याच्या कागदावर ती उभी होती, आणि कर असे मी सांगितले होते.

मी तसाच निखिलच्या दारात गेलो.

"काका! या ना आत, चहा टाकतो."

"मी बाहेरूनच बोलतो. वाट बंद करायची आहे, हे तू मला का सांगितले नाहीस?"

"सांगितलं ना. सेफ्टीसाठी."

"वाट बंद, हे दोन शब्द तुझ्या तोंडून कधी निघाले?"

"कागदावर होते, काका."

ते खरे होते आणि म्हणूनच माझा पारा अधिक चढला. तो पुढे म्हणाला, "तुम्ही लीगलवाले. मला वाटलं, तुम्ही वाचलं असणार." मग त्याने मला परसात नेले. भिंतीला चिकटून काचांचा ढीग होता. संध्याकाळी वाटेत टोळकी बसतात, बिअरचे डबे आणि बाटल्या भिंतीवरून टाकतात. एक बाटली बाळाच्या ढकलगाडीपासून हातभर अंतरावर फुटली होती. त्याची बायको तेव्हापासून परसात कपडे वाळत घालत नाही. "काकूंना मी स्वतः कारने हॉलला सोडीन. प्रॉमिस."

"किती मंगळवार?"

त्याने पायाने एक काच भिंतीकडे सरकवली. मग म्हणाला, "काका, देश त्यांचा आहे. आपण कशाला पुढे पुढे करायचं?"

"वाट बंद करायला पुढे कोण गेले?"

त्याने मला जा म्हटले नाही, ही त्याची सभ्यता. मीच निघालो.

घरी जेवणाच्या टेबलावर प्रकरण पुढे चालले. अभिजित पाळीवरून आला होता, डोळे लाल. "बाबा, सही तुम्ही केलीत. आता उलट पत्र दिलंत तर इथे सगळ्यांना कळेल. आम्हाला या लोकांत राहायचंय." मी त्याला ऐकवले की त्याच्या आईला या घरात राहायचे आहे, पण घरातच कोंडून राहायचे नाही. मृणाल हळूच म्हणाली, "आईंना कोणी विचारलंच नाही." सई मला धीर देण्यासाठी म्हणाली, "यू'र ग्रँड, आजोबा," आणि मी तिच्यावरही खेकसलो, याचा मला खेद आहे.

मग सुमती बोलली. तिने आवाज चढवला नाही.

"त्या पोराला काय बोलताय? तुमी म्हनला कर, मी केली. तवाबी असंच झालं. हौसाबाईच्या टायमाला."

टेबलावर कोणालाच कळेना ती काय म्हणते आहे. मला कळले.

आता पहिली सही. आमच्या शेताच्या बांधावरून एक पाणंद जात होती. गुरे आणि बैलगाड्या नेण्याची शेतांमधली वाट. तिच्या टोकाला हौसाबाईचे रान होते, विहिरीसकट अडीच एकर. वडील गेल्यानंतर वसंतने दोन हंगामांत ती पाणंद नांगराखाली घेतली आणि ऊस लावला. हौसाबाईने तहसीलदारांकडे वाट खुली करून मिळण्याचा अर्ज केला. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, पंगत उठत असताना, वसंतने माझ्यापुढे एक जबाब धरला. "दादा, नुसती हिस्सेदार म्हणून सही." मी हात पुसून सही केली. जबाबात लिहिले होते की सदर ठिकाणी पूर्वापार वहिवाट नाही. खाली माझे नाव आणि माझा हुद्दा होता. मोजणी खात्याचा माणूस स्वतः लिहून देतो म्हटल्यावर तहसीलदारांनी दुसरे काय करावे? हौसाबाईचा अर्ज फेटाळला गेला. तेव्हापासून ती वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन ओढ्यातून वळसा घालते.

सहीनंतर आठ दिवसांनी मी त्या जबाबाची प्रत वाचली. लहानपणी मी स्वतः त्या पाणंदीने गुरे नेली आहेत. वाचले आणि गप्प बसलो. न वाचता सही करणे ही चूक होती. वाचून गप्प बसणे ही खोटी साक्ष होती. मला कायदा येत असल्यामुळे हा फरक मला पूर्ण माहीत होता.

"तिचा नातू माझ्या अंगणवाडीत व्हता," सुमती म्हणाली. "त्या दिवसापासनं हौसाबाई माझ्याशी बोलली न्हाई. पोराला सोडायला यायची, खाली मान घालून जायची. मी तुमास्नी एकदाबी बोलले न्हाई. आज बोलले."

पाणंदीची आणि जबाबाची सारी हकीकत तिनेच टेबलावर सांगितली. अभिजितने ताटावरून हात काढला. "बाबा, हे खरं आहे?"

"खरे आहे," मी म्हणालो.

"काकांना कळत नव्हतं ते चुकीचं आहे म्हणून?"

"मला कळत होते. माझ्याविषयी विचार."

त्या रविवारी मी हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. त्याची पहिली ओळ अशी होती की यादीतील एकोणिसावी व विसावी सही आम्ही मागे घेत आहोत, कारण मी तो कागद न वाचता सही केली व पत्नीलाही करावयास लावली. एका परक्या देशाच्या कचेरीला ही ओळ लिहून द्यायला मला दोन दिवस लागले. उरलेली चार पाने एका बैठकीत झाली.

आणि मग मी मला येत असलेली एकमेव गोष्ट केली. पंचनामा. कोणी सांगितला नव्हता, येथे असा प्रकार नाही, हे मला माहीत होते. तरी वाट डोळ्यांनी पाहिलेल्या पाच माणसांनी जागेवर उभे राहून काय आहे ते लिहून द्यावे, यापेक्षा मोठा पुरावा माझ्या बुद्धीला सुचत नाही. पंच शोधत मी दारोदार फिरलो. एका बाईने मला धर्मप्रचारक समजून, आम्ही कॅथलिकच आहोत, असे सांगून दार लावले. दुसऱ्याला वाटले मी निवडणुकीला उभा आहे. त्याने मत देण्याचे कबूल केले. अखेर मार्टिन, ब्रायडी, दुकानदार, बसथांब्यावर रोज भेटणारी एक परिचारिका आणि पलीकडच्या रांगेतला एक निवृत्त पोस्टमन असे पाच जण एका शनिवारी सकाळी वाटेत जमले. पंच म्हणजे काय ते मी समजावले. ब्रायडीने विचारले, "सही करायची की रक्त द्यायचे?"

मार्टिनने टेप धरली. कुंपण ते कुंपण अकरा फूट दोन इंच. त्याच्या हिशेबाने गाय नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत आठ फूट आणि पोटाशी अडीच फूट. म्हणजे एक आडवी आणि एक लांबीत मिळून साडेदहा. उरले आठ इंच.

"वासरांना दाटी होईल," तो गंभीरपणे म्हणाला. "लिही, वासरे लहान आहेत."

मी ते लिहिले नाही. बाकी सर्व लिहिले: वाट केव्हापासून आहे, कोण बांधकामावर होता, कोण कोणत्या वारी कुठे जाते, काचा कुठे पडल्या होत्या. हजार वर्षांपूर्वीच्या मापाचा आणि साफसफाईच्या दंडकाचा उल्लेखही केला. शेवटचा परिच्छेद सुमतीने सांगितला आणि मी नाखुशीने उतरवला. "त्या पोराच्या बायकोची भीतीबी खरी हाय. तेबी लिवा." सबब, वाटेत एक दिवा द्यावा, कुंपण छाटून ठेंगणे करावे, आणि वाट दर शनिवारी साफ करण्याची जबाबदारी अर्जदार स्वतः घेत आहे.

जूनमध्ये नगरसेवकांची सभा झाली. आम्हाला बोलण्याचा हक्क नव्हता, आम्ही प्रेक्षकांच्या बाकांवर बसलो. सुमती, मी, मार्टिन, ब्रायडी, आणि दोन खुर्च्या सोडून निखिल. अधिकाऱ्याने अहवाल वाचला. दोन सह्या मागे घेतल्या असून कारण "न वाचता केल्या" असे दिले आहे, हे वाक्य भर सभागृहात माझ्या नावासह वाचले गेले. गाईंच्या मापाशी येताच लोक हसले. एक नगरसेविका उठून म्हणाली की माझ्या आजीच्या गावी अशाच वाटेला कुंपण घातले होते आणि ती मरेपर्यंत त्याविषयी बोलत होती. मग मतदान झाले आणि प्रस्ताव फेटाळला गेला. सुमतीला काहीच कळले नव्हते. ब्रायडीने तिचा दंड धरून हलवला तेव्हा कळले.

बाहेर निखिल आला. "अभिनंदन, काका."

"शनिवारी दहाला ये. झाडू मी आणतो."

"काका, ऑनेस्टली, मी काचा किती वेळा उचलल्या आहेत तुम्हाला माहीत नाही."

"माहीत नाही. म्हणून ये म्हणतो."

तो आला. त्यानंतरच्या चार शनिवारांपैकी दोनदा आला. नोंद ठेवली आहे. दिवा बसला. टोळकी पूर्णपणे गेलेली नाहीत, पण त्याची बायको बाळाला घेऊन एकदा वाटेने हॉलपर्यंत आली, असे सुमती सांगते. माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. येथे येऊन चांगले घर घ्यावे आणि पहिले काम म्हणून दुसऱ्याचा येण्याजाण्याचा हक्क काढून घ्यावा, ही वृत्ती मला आपल्या अनेक लोकांत दिसते, आणि ती आपण विमानातून बरोबर आणली आहे. माझ्या सामानात तर ती सर्वांत जड होती.

ज्या संध्याकाळी दिवा लागला त्या संध्याकाळी आम्ही दोघे वाटेवर गेलो. सुमती मध्यावर थांबली.

"हितलं झालं. तितलं?"

मी तितलेही लिहिले. तहसीलदारांना रीतसर अर्ज केला: माझा पूर्वीचा जबाब असत्य होता, पाणंद होती, ती मी स्वतः वापरली आहे, नकाशावरून मोजणी करून ती खुली करावी. सोबत शपथपत्र. वसंतला प्रत मिळाली त्याच दिवशी त्याचा फोन आला.

"दादा, तिकडं बसून माझा ऊस उपटायला लागलास?"

"तुझा ऊस नव्हे. तिची वाट."

"लोक काय म्हणतील? सख्खा भाऊ उलटला?"

"म्हणू देत. हुद्द्यासकट सही माझी आहे."

मग तो म्हणाला, "मग या घरी येऊ नकोस."

तो असे म्हणणार, हे मी धरून चाललो होतो. तरी ते ऐकायला सोपे गेले नाही. आम्ही दोघे त्याच माजघरात जन्मलो. तो बारा वर्षांचा असताना मी त्याला सायकल शिकवली, आणि तीही त्याच पाणंदीत, कारण तिथे पडले तर माती मऊ होती. हे त्याला आठवत असणार.

मोजणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. मी हजर राहणार आहे. मोजणीदार टेप धरेल तेव्हा मी माझ्या भावाच्या बाजूला उभा राहणार नाही, हे येथे जाहीर लिहितो. हा मजकूर छापून येईल त्या अंकाची एक प्रत गावच्या वाचनालयाला पाठवत आहे, म्हणजे माझ्यामागे कोणी दुसरे सांगू नये.

घर म्हणजे काय, असे या प्रकारच्या लेखाच्या शेवटी लिहायचे असते. मी पूर्वी लिहिले असते की जिथला सातबारा माझ्या नावावर आहे ते. आता तेवढे पुरत नाही. ज्या गावात माझ्या सहीने एका बाईची वाट अडली आहे, ते माझे गाव आहेच. त्यातून सुटका नाही, विमानानेही नाही. आणि ज्या वसाहतीत दर शनिवारी मला काचा वेचाव्या लागतात, तीही माझीच झाली, कारण तसे मी लिहून दिले आहे.

सुमती बरोबर येणार आहे. तिने तिकिटे आरक्षित होण्यापूर्वीच मुक्कामाचा प्रश्न निकालात काढला. "वसंतभावजींनी घरात घेतलं तर घेतलं," ती म्हणाली. "मी आधी हौसाबाईकडं जानार. वढ्यातनं. ती जाती तशी."